विसरलं म्हणजे पुसलं गेलं?

'विसरलेली गोष्ट मेंदूतून कायमची पुसली जाते', हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. दर वेळी तसं नसतं. बऱ्याचदा आठवण शाबूत असते, तिच्यापर्यंत नेणारी खूण हरवलेली असते. महाद्वार रोडवर भेटलेल्याचं नाव काही केल्या आठवत नाही. तो "रंकाळ्यावर फिरायला यायचो की आपण" म्हणाला, की झटकन आठवतं. पुसलं असतं तर आलं कुठनं?

१९६६ च्या एका प्रयोगात पाठ केलेले शब्द कोणकोणत्या गटांतले होते हे सांगितल्यावर लोकांना जास्त शब्द आठवले. घरी करून बघा. भाज्या, भांडी, गावं असे २४ शब्द मिसळून वाचून दाखवा, थोड्या वेळानं लिहायला सांगा. गाडी अडली की नुसतं 'भांडी' म्हणा. आमच्या आईला तेवढ्यावर परात आणि झारा दोन्ही आठवले. (मुळात लक्षच दिलं नसेल, तर मात्र खूण तरी काय करणार!)