बिब्बा उतणे

बिब्ब्याच्या फळातले तेल कातडीला लागल्यावर उठणारी सूज, फोड आणि खाज यांना मराठीत ‘बिब्बा उतणे’ म्हणतात. बिब्बा (बिबवा, भिलावा, संस्कृत भल्लातक, शास्त्रीय नाव सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम) हा आंबा-काजूच्या कुळातला, मोठ्या पानांचा पानझडी वृक्ष. संस्कृतात त्याला ‘अरुष्कर’, म्हणजे जखम करणारा, असेही म्हटले आहे. मराठीने त्याहून पुढे जाऊन चालत्या कामात खोडा घालण्यालाच ‘बिब्बा घालणे’ म्हणायला सुरुवात केली.

फळाची ठेवण काजूसारखी: देठाकडे नारिंगी गरदार बोंड आणि त्याच्या टोकाला सुमारे अडीच सेंटिमीटरचे काळे, तुकतुकीत, चपटे फळ. बोंड भाजून किंवा वाळवून खातात. काळ्या फळाच्या सालीत बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत दाट, जहाल तेल भरलेले असते. हवा लागली की ते काळे पडते. आत मात्र निरुपद्रवी, चविष्ट बी. तीच गोडंबी, डिंकाच्या लाडवात पडते ती. लाडू खाणाऱ्याला बिब्ब्याची झळ लागत नाही. ती लागते बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांना. त्यांची बोटे काळवंडतात, कातडी सोलवटते. गोडंबीच्या भावात ही मजुरी कितपत धरलेली असते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

या तेलातला मुख्य घटक भिलावनॉल. उत्तर अमेरिकेतल्या ‘पॉयझन आयव्ही’ या कुप्रसिद्ध वेलीतला उरुशिऑल आणि हा भिलावनॉल रासायनिकदृष्ट्या सख्खी भावंडे: दोन्हींत कॅटेकॉल नावाच्या रेणूचे कडे आणि त्याला जोडलेली सहसा १५ कार्बनची शेपटी. ही शेपटी तेलकट असल्याने रेणू कातडीत सहज शिरतो, तिथे त्याचे ऑक्सिडीभवन होते आणि तो कातडीतल्या प्रथिनांना चिकटतो. शरीराच्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, अशा प्रथिनाला परके समजून त्यावर तुटून पडतात. म्हणून पहिल्या संपर्कात अंग उठायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. एकदा शरीराने ‘ओळख’ ठेवली की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांत फोड येतात. बिब्ब्याचे तेल त्याखेरीज नुसतेही दाहक आहे, त्यामुळे ज्याला अ‍ॅलर्जी नाही त्यालाही ते भाजते. फोड म्हणजे अंगातली ‘उष्णता बाहेर पडली’, ही समजूत म्हणून सोडून द्यावी; ही अ‍ॅलर्जी आणि दाह यांची जोडगोळी आहे.

दोन भावंडांची गाठ पडली ती परटाच्या भट्टीवर. बिब्ब्याचा रस आणि चुना मिळून सुती कापडावर धुतल्याने न जाणारी काळी खूण होते. कोणाचे कपडे कोणाचे, हे परीट अशा खुणांवरून ओळखत. शास्त्रीय नावातल्या ‘सेमेकार्पस’चा ग्रीक अर्थही ‘खुणेचे फळ’ असाच आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, नेमक्या खुणेच्या जागी, पुरळ उठू लागले. १९४३ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी त्याचे वर्णन ‘धोबी मार्क डर्मटायटिस’ म्हणून केले. पॉयझन आयव्हीने ज्यांचे शरीर मायदेशीच संवेदनशील झाले होते, त्यांना बिब्बा प्रथमच भेटूनही लगेच उतू शकत होता. (‘धोबी इच’ हा मात्र जांघेतला गजकर्ण, त्याचा बिब्ब्याशी संबंध नाही.)

आजही बिब्बा घराघरात पोचतो तो दोन वाटांनी. एक, शनिवारी दुकानाच्या दारावर किंवा रिक्षापुढे तारेत ओवलेला लिंबू-मिरचीबरोबरचा बिब्बा. तो सहसा सुका आणि निरुपद्रवी. दुसरी वाट घातक. टाचेला भेगा पडल्या, काटा मोडला, सांधा धरला की बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरतात आणि पाझरणारे तेल थेट दुखऱ्या जागी लावतात. काहींना खरेच बरे वाटते. काहींचा अख्खा पाय फोडांनी भरतो. आयुर्वेदानेही बिब्बा कच्चा वापरलेला नाही. विटेच्या पुडीत घोळवून तेल शोषून घेणे, मग गरम पाण्याने धुणे, असे त्याचे शोधन सांगितले आहे, आणि चरकसंहितेत भल्लातक घेण्याआधी तोंडाला आतून तूप लावायला सांगितले आहे. पोटात घेतलेल्या बिब्ब्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणेही वैद्यकीय साहित्यात आहेत.

तेल लागल्यास ती जागा लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवावी. पहिली काही मिनिटेच खरी मोलाची. कपडे आणि कोयताही धुवावा, कारण तेल त्यांवर टिकून राहते. फोडातले पाणी लागून पुरळ पसरत नाही. नखात किंवा कापडात उरलेले तेल पसरवते. साध्या पुरळाला स्टेरॉइडचे मलम आणि गार पाण्याच्या घड्या पुरतात. चेहरा किंवा गुप्तांग सुजले, तर डॉक्टर पोटातून स्टेरॉइड देतात आणि ते हळूहळू कमी करत नेतात. पुरळ जायला दोन-तीन आठवडे लागतात. काळा डाग जायला त्याहून जास्त वेळ लागतो.

न्यायवैद्यकात बिब्ब्याचे स्थान वेगळेच आहे. मारहाणीची खोटी तक्रार देण्यासाठी अंगावर बिब्बा चोळून ‘वळ’ उठवण्याची युक्ती जुनी आहे. खऱ्या मुक्या मारात जागा खाजत नाही आणि कडेने बारीक फोड उठत नाहीत. बिब्ब्याचा डाग काळसर असतो, खाजतो, आणि खाजवणाऱ्याच्या स्वतःच्या बोटांच्या टोकांवरही तसेच फोड सापडतात.