इंग्रजी कच्चं, म्हणूनच संशोधनाचा पेपर परत येतो?

गोव्यातल्या कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये ही समजूत चहाइतकीच मुरलेली, विशेषतः मराठीतून शिकलेल्यांत. हे अर्धसत्य आहे. शोधनिबंधाचं इंग्रजी तर लंडनच्या पोरालाही शिकावंच लागतं. संपादक आधी बघतो, विषय नियतकालिकाच्या कक्षेत बसतो का, पद्धत पटते का. खाजन जमिनीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेल्या शेतजमिनीच्या, क्षारतेवरचा एक मसुदा मी वाचला. व्याकरण चोख, पण मातीचे नमुने किती, कुठल्या बांधाजवळचे, पावसाळ्याआधीचे की नंतरचे, पत्ताच नाही! तिथे ‘ॲन’ आणि ‘द’ची डागडुजी काय कामाची? अर्थच गढूळ होत असेल तर मात्र इंग्रजी आडवं येतं, आणि तेवढ्यासाठी भाषा तपासून घ्यावी. पण भाषातपासणीचे पैसे मोजले म्हणजे पेपर छापला जाईल, अशी हमी ही सेवा विकणारे मोठे प्रकाशकही देत नाहीत.