भरणे (पाणी भरणे)

भरणे : शेतातील पिकाला पाणी देणे या अर्थाने खानदेशात, म्हणजे धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांत आणि त्यांना लागून असलेल्या मालेगाव-बागलाण भागात, सर्रास वापरले जाणारे क्रियापद. त्याचे पूर्ण रूप ‘पाणी भरणे’ असे असले, तरी ‘वावर (शेत) भरून झाले’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला पुरते. अहिराणीत ‘वावरमा पानी भराले गया’ आणि जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातील लेवा बोलीत ‘वावरात पानी भराले गेला’ अशी रूपे ऐकू येतात. दोन्ही बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. याच कामाला सातारा-कोल्हापूरकडे ‘दारे धरणे’, तर नाशिक-नगरकडे ‘बारे देणे’ म्हणतात. ‘सिंचन’ हा शब्द सरकारी कागदावरचा, आणि ‘शिंपणे’ हा अंगणातील सड्याचा. शेताला पाणी शिंपले असे सहसा कोणी म्हणत नाही.

या शब्दातील खरी गंमत त्याच्या कर्मात आहे. घरात हंडा भरतो, रांजण भरतो, घागर भरते. शेतात वाफा भरतो. चारही बाजूंनी मातीचा वरंबा घातलेला वाफा हे एक उथळ भांडेच असते आणि ते काठोकाठ होईपर्यंत पाणी आत घ्यायचे, हीच पारंपरिक पाणी देण्याची रीत होय. दारे धरणाऱ्याची नजर पाण्याच्या वाटेवर असते, तर भरणाऱ्याची नजर वाफ्याच्या काठावर.

प्रत्यक्ष काम असे चालते. विहिरीचे किंवा कालव्याचे पाणी पाटाने शेताच्या उंच कडेला येते आणि तेथून दांडाने, म्हणजे लहान पाटाने, वाफ्यांपर्यंत पोहोचते. भरणारा फावड्याने दांडाची माती बाजूला सारून पहिल्या वाफ्याला तोंड करून देतो; पाणी दुसऱ्या टोकाला टेकले की तीच माती तोंडावर ओढून ते बंद करतो आणि पुढचा वाफा फोडतो. वरून सोपे दिसणारे हे काम जमिनीचा चढउतार पायाला ठाऊक असल्याखेरीज नीट होत नाही. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत ते आणखी अवघड असते, कारण ही माती सुकली की तिला हात हात खोल भेगा पडतात आणि पहिले पाणी पुढे सरकण्याऐवजी भेगांतच जिरते. तीच माती एकदा भिजली की पाणी लवकर सोडत नाही. मग वापसा (मशागतीजोगा ओलावा) यायला वेळ लागतो आणि घाईने पुन्हा भरलेले पीक पिवळे पडते. केव्हा भरायचे याइतकेच केव्हा भरायचे नाही हेही या कामात मोडते. लिंबूवर्गीय बागेला बहार धरण्यापूर्वी पाणी मुद्दाम तोडतात, त्याला ‘ताण देणे’ म्हणतात.

पाण्याच्या पाळ्यांनाही नावे आहेत. लागवडीनंतर तीन-चार दिवसांनी दिलेले हलके पाणी म्हणजे आंबवणी व त्यानंतरचे चिंबवणी. गव्हाला पेरणीनंतर साधारण १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे (खोडाच्या तळाशी येणारी मुळे) फुटण्याच्या सुमारास द्यायचे पाणी चुकले, तर फुटवे कमी येतात. म्हणून त्या आठवड्यात पाहुणा आला तरी घरचा माणूस वावरातच सापडतो.

विहिरीवरून पाणी भरण्याचे काम विजेचे आणि तेलाचे पंप येईपर्यंत मोटेने होत असे. बैल धावेवरून (विहिरीपासूनच्या उतरत्या वाटेवरून) उतरले की नाड्याला बांधलेली मोट वर येई, सोंडेतून थारोळ्यात (विहिरीकाठच्या कुंडात) रिकामी होई आणि पाणी पाटाला लागे. मोट हाकणारा एक आणि वाफे भरणारा दुसरा अशी दोन माणसांची ही जोडी असे. पंप आल्यावर पहिला माणूस गेला, दुसरा राहिला. हा दुसरा माणूस पुष्कळदा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, असतो. खानदेशात सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरते आणि रात्रीचे पाणी भरणे हे त्याच्या कामात न सांगता धरलेले असते. शेतीपंपांची वीज आळीपाळीने कधी दिवसा तर कधी रात्री मिळते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गुडघाभर गव्हात बॅटरीच्या उजेडावर वाफे फोडत उभे राहणे आणि त्याच वेळी विंचूकाट्यावर लक्ष ठेवणे या शब्दाच्या अर्थापासून वेगळे काढता येत नाही.

एकट्याच्या विहिरीऐवजी सामाईक पाणी भरण्याची खानदेशातील सर्वांत नावाजलेली व्यवस्था म्हणजे फड पद्धती. पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर लहान बंधारे बांधून वळवलेल्या पाण्यावर ती काही शतके चालत आली. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या क्षेत्राला थळ म्हणतात. त्याचे बहुधा तीन-चार फड पाडलेले असतात आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे असा दंडक असतो. एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात गहू किंवा हरभरा. पुढच्या साली पिकांची अदलाबदल होते. एकच पीक असल्याने फडातील सर्व वावरांची पाण्याची गरज सारखी आणि एकाच वेळची असते, त्यामुळे एका टोकाने भरायला सुरुवात करून दुसऱ्या टोकाला संपवता येते. पाटाची देखभाल पाटकऱ्याकडे, राखण जागल्याकडे आणि प्रत्यक्ष वावरात पाणी घालण्याचे काम बारेकऱ्याकडे असे. शेताचा मालक स्वतः पाणी घेत नाही, ते त्याला भरून मिळते, हा या पद्धतीचा गाभा. भांडणाची निम्मी कारणे तेथेच मिटतात. नदीला पाणी कमी असलेल्या वर्षी सगळ्यांनी थोडे थोडे पाणी घेण्यापेक्षा एखादा फड कोरडाच ठेवण्याचे गावकरी बसून ठरवतात. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असली, तरच असा निर्णय पचतो. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि जो तो आपल्या पंपाने पाणी भरू लागला, तशी ही पद्धती आक्रसत गेली.

मोठ्या धरणांच्या लाभक्षेत्रात, उदाहरणार्थ गिरणेच्या कालव्यांवर, शब्द तोच राहिला पण त्याच्याभोवती कागद आले. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटण्यापूर्वी शेतकऱ्याने नमुना क्रमांक ७ वर पाणीअर्ज भरायचा, पाणीपट्टी भरायची आणि मग वावर भरायचे. एका क्रियापदाची ही तीन कामे ज्या क्रमाने यायला हवीत, त्याच क्रमाने नेहमी येतात असे मात्र नाही.

शेताबाहेर या शब्दाचे अर्थ पसरलेले आहेत. गावात व शहरात ‘पाणी भरणे’ म्हणजे घरातील भांडी भरून ठेवणे. ज्या वस्त्यांत नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे ‘आज पाणी भरायचे आहे’ हे कार्यक्रमाला न येण्याचे सर्वमान्य कारण असते. दुसऱ्याच्या घरी पाणी भरणे हे हलके व परस्वाधीन काम समजले जाई. त्यावरून ‘त्याच्यापुढे हा पाणी भरतो’ म्हणजे त्याच्या तुलनेत हा फिका आहे, आणि ‘लक्ष्मी त्यांच्या घरी पाणी भरते’ म्हणजे त्यांच्याकडे विपुल संपत्ती आहे, असे वाक्प्रचार रूढ झाले. दुसऱ्यात प्रत्यक्ष धनदेवतेला पाणक्याच्या कामाला लावले आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आखाजीला पितरांसाठी ‘घागर भरतात’ : पाण्याने भरलेली मातीची घागर पुजून तिच्यावर आंबा किंवा खरबूज ठेवतात आणि पुरणपोळी-आमरसाचा नैवेद्य दाखवतात. ज्या दिवशी सालदाराचे साल ठरते, त्याच दिवशी घरातील मृतांनाही पाणी पोहोचवले जाते.

जवळच्या शब्दांची भेसळ होऊ नये म्हणून दोन-तीन भेद सांगणे आवश्यक आहे. ‘पाणी पाजणे’ हे गुरांना व माणसांना. शत्रूला पाणी पाजले म्हणजे त्याला हरवले. ‘पाणी देणे’ पिकाला चालते, परंतु ते तर्पणाचेही असते, आणि लोहाराच्या भट्टीवर कोयत्याला पाणी देतात, तेव्हा तापलेले पाते पाण्यात बुडवून त्याची धार टणक करतात. ‘पाणी सोडणे’ हा शब्द कालव्यावरचा. एखाद्या वस्तूवर पाणी सोडणे म्हणजे तिच्यावरील हक्क टाकणे, कारण दानाच्या संकल्पात तळहातावरून पाणी सोडतात.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जळगाव जिल्ह्यात ठिबक सिंचनाचा प्रसार झाला. त्यात जळगावच्या जैन इरिगेशन या कंपनीचा व तिचे संस्थापक भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांचा वाटा मोठा आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागा आणि पावसाआधी मे महिन्यात लावलेला बागायती कापूस आता बहुतांशी नळीवर असतो. येथे वाफा नाही, दांड नाही, फावडे नाही. ताशी काही लिटर पाणी थेंबाथेंबाने झाडाच्या मुळाशी पडते आणि शेतकऱ्याचे काम गाळणी साफ करणे, झडप फिरवणे, तुंबलेली छिद्रे मोकळी करणे एवढे उरते. काहीही काठोकाठ होत नाही, उलट तसे झाले तर ते बिघाडाचे लक्षण ठरते. त्यासाठी ‘ठिबक चालू करणे’ असा नवा प्रयोग आला खरा, पण मोटार सुरू करून पाच मिनिटांत बांधावर येऊन बसलेला माणूसही फोनवर विचारणाऱ्याला ‘पानी भरी राह्यनू’ असेच सांगतो.