अर्धा तास चालणं आणि दीड चमचा तेल

६० किलो वजनाची तरुणी ताशी ५ किलोमीटर वेगानं अर्धा तास चालली, की तिचं शरीर सुमारे १०५ किलोकॅलरी खर्च करतं. पण तेवढा वेळ ती नुसती बसून राहिली असती, तरी चाळीसेक खर्च झाल्याच असत्या. म्हणजे निव्वळ कमाई ६५ची. चहाच्या चमच्यानं दीड चमचा तेल जास्त पडलं, की हिशेब फिटला. ‘रोज चालते, तरी काटा हलत नाही’ या तक्रारीचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं तिच्या एकूण खर्चात आहे. वय २२, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६० किलो असेल, तर श्वास, हृदय, मेंदू, शरीराची ऊब यांवरच दिवसाला साधारण १,३०० किलोकॅलरी जातात. दिवस बैठा असेल तर एकूण खर्च १,८००च्या आसपास. त्याच वयाच्या, ७५ किलो वजनाच्या तरुणाचा तो २,४००पर्यंत जातो. दोघांनी सारखंच वाढून घेतलं, तर जास्तीचं तिच्या अंगी लागणार. यात आळस किंवा खादाडपणा शोधू नये. शरीर लहान आणि स्नायू कमी, म्हणून खर्च कमी.

तरुणींच्या पाहणीत व्यायाम आणि वजन यांचा संबंध अनेकदा फिका दिसतो, त्याला आणखी एक कारण आहे. माहिती बहुधा प्रश्नावलीतून घेतलेली असते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्या १० जणांचं खाणं आणि खर्च प्रत्यक्ष मोजला. त्यांत ९ स्त्रिया होत्या. सरासरीनं त्यांनी खाणं ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. त्या खोटं बोलत नव्हत्या. येताजाता तोंडात टाकलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही. शिवाय वजन वाढल्यावरच अनेकजणी व्यायाम सुरू करतात, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे एकदाच केलेल्या पाहणीतून कळत नाही.

मग व्यायाम कशासाठी? वजन उतरवण्याचं मुख्य काम आहाराचं. उतरताना स्नायू वाचवणं आणि उतरलेलं टिकवणं हे काम हालचालीचं. नुसतं खाणं तोडलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, रोजचा खर्च आणखी घटतो आणि पूर्वीसारखं जेवायला लागताच वजन परततं. म्हणून आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं भरभर चालण्याच्या जोडीला निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा: बैठका, भिंतीवर किंवा जमिनीवर जोर, रबरी पट्टा ओढणं. प्रत्येकाचे ८ ते १२ वेळांचे दोन-तीन फेरे पुरेत. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सहज होत असतील तर भार कमी पडतोय.

आहारात रोज ३०० ते ५०० किलोकॅलरींची तूट ठेवावी. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात, त्यामुळे आठवड्यात तीन किलोचं आश्वासन म्हणजे बहुतांश पाणी. वजन कमी करताना दर किलोमागे सुमारे १.२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६० किलोला ७२ ग्रॅम, तीन जेवणांत वाटून घ्यावीत. एका जेवणात कोंबून तितकासा उपयोग नाही. पदार्थ कसा बनलाय, यालाही महत्त्व आहे. २०१९च्या एका प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, दोन्ही वेळा पोटभर. पाकिटातल्या अन्नावर ते दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होते.

मोजताना फसगत होते. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून वजन एक-दोन किलोंनी वाढू शकतं, म्हणून तुलना पाळीचक्राच्या त्याच आठवड्याशी करावी. कंबरेला टेप शेवटची बरगडी आणि कटीच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध लावावा आणि श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. पीसीओएस (संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित होण्याचा बीजांडकोशांचा विकार) असेल, तर ५ ते १० टक्के वजन उतरल्यानंही पाळी सुधारू शकते.

उलट, खूप कमी खाऊन खूप व्यायाम केल्यास मेंदू पाळीचे संकेतच आवरते घेतो. नियमित येणारी पाळी तीन महिने चुकली आणि गर्भधारणा नसेल, तर तूट तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जावं: इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटलं की हाडं विरळ होऊ लागतात, आणि ती भरण्याचं वय नेमकं हेच असतं.