काबूलची वकिलात : बाहेर पडणं आणि परत जाणं

10 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीत परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तालिबान राजवटीचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी यांच्यासमोर जाहीर केलं, की काबूलमधल्या भारताच्या ‘तांत्रिक पथका’ला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला जाईल. 21 ऑक्टोबरला तो निर्णय अमलात आला. भारताने तालिबान राजवटीला मान्यता मात्र दिलेली नाही. मान्यता नाही, पण दूतावास आहे, हे कसं जमलं ते समजून घ्यायचं तर 1996 पर्यंत मागे जावं लागतं.

26 सप्टेंबर 1996 रोजी तालिबान काबूलच्या वेशीवर येऊन ठेपले होते. त्याच दिवशी भारताने तिथला दूतावास बंद केला. माजी राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला 1992 पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या आवारात आश्रयाला होते. दुसऱ्याच दिवशी तालिबानने त्यांना तिथून ओढून बाहेर काढलं, ठार मारलं आणि मृतदेह आरियाना चौकात टांगला. 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या 22 व्या कलमानुसार वकिलातीच्या आवारात यजमान देशाच्या माणसांना परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. पण हे कलम पाळणारं सरकार समोर असेल तरच त्याचा उपयोग. ऑगस्ट 1998 मध्ये मझार-ए-शरीफ पडलं, तेव्हा तिथल्या इराणी वाणिज्य दूतावासातच इराणचे अधिकारी आणि एक पत्रकार मारले गेले. 1996 ला निघून येण्याचा भारताचा निर्णय योग्यच होता, हे त्या घटनेनं दाखवून दिलं.

चूक झाली ती पुढे. निघून आल्यावर काबूलच्या नव्या सत्ताधाऱ्यांशी बोलण्याची एकही वाट भारताने ठेवली नाही. डिसेंबर 1999 मध्ये इंडियन एअरलाइन्सचं आयसी-814 विमान अपहरणकर्त्यांनी कंदाहारला उतरवलं, तेव्हा त्या शहरात आणि साऱ्या अफगाणिस्तानात भारताचा एकही अधिकारी नव्हता. तालिबानला मान्यता देणारे देश तीनच होते : पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती. विमान 24 तारखेला पळवलं गेलं. भारताचा माणूस धावपट्टीवर पोचायला 27 तारीख उजाडली, आणि तोही इस्लामाबादच्या उच्चायुक्तालयातून पाठवावा लागला. वाटाघाटी करणारं पथक त्याच दिवशी दिल्लीहून गेलं. मधले दिवस विमानातल्या माणसांनी कसे काढले असतील, याची कल्पनाही नको वाटते. वकिलात म्हणजे समारंभ आणि पार्ट्या, असा एक समज आहे. कंदाहारमध्ये नेमकी उणीव भासली ती ओळखीच्या चेहऱ्याची, रात्री दोन वाजता फोन करता येईल अशा माणसाची.

तालिबान हटल्यावर 22 डिसेंबर 2001 रोजी दूतावास पुन्हा उघडला. हेरात, मझार, जलालाबाद आणि कंदाहार इथे वाणिज्य दूतावास सुरू झाले. 7 जुलै 2008 रोजी दूतावासाच्या दारातच मोटारबॉम्बचा स्फोट झाला. त्यात 58 माणसं गेली. दोन भारतीय अधिकारी आणि आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचे, दोन जवान त्यांत होते, पण बहुतेक जण रस्त्यावरचे आणि रांगेत उभे असलेले सामान्य अफगाण होते. 8 ऑक्टोबर 2009 रोजी पुन्हा स्फोट झाला. यापुढे दूतावासाचा प्रत्येक निर्णय सुरक्षेच्या हिशेबाने होऊ लागला, आणि 2021 ला तोच हिशेब उपयोगी पडला.

दूतावास रिकामा करण्याचा एक ठरलेला क्रम असतो. आधी कुटुंबं परत पाठवतात. मग ज्यांच्यावाचून काम अडत नाही ते कर्मचारी. मग कडेची कार्यालयं मिटवत राजधानीकडे सरकायचं. हेरात आणि जलालाबादची माणसं एप्रिल 2020 मध्येच परत आणली गेली होती. कंदाहारचे सुमारे 50 जण जुलै 2021 मध्ये हवाई दलाच्या विमानाने आले, मझारचे 10 ऑगस्टला निघाले. राहिलं फक्त काबूल.

निघण्याआधी आतलं काम वेगळंच असतं. गोपनीय कागद, सांकेतिक संदेशांची यंत्रं, कोरे पासपोर्ट, व्हिसाची स्टिकरं आणि शिक्के यांतलं काही मागे राहता कामा नये. कागद फाडण्याच्या यंत्रावरही भरवसा ठेवता येत नाही. 1979 मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासात कागदांच्या लांब पट्ट्या कापल्या गेल्या होत्या. इराण्यांनी त्या पट्ट्या एकेक करून जुळवल्या आणि मजकूर छापून काढला. म्हणून नंतर आडवं-उभं कापून बारीक तुकडे करणारी यंत्रं आली. वेळ असेल तर कागद जाळणं जास्त खात्रीचं. पण धूर दिसला की बाहेरच्यांना लगेच कळतं, की आतले लोक निघालेत.

15 ऑगस्टला काबूल पडलं. दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या धावपट्टीवर गर्दी घुसली आणि उड्डाणं थांबली. हवाई दलाच्या पहिल्या सी-17 विमानाने काही कर्मचाऱ्यांना आणलं. उरलेले, राजदूत रुद्रेंद्र टंडन यांच्यासह सुमारे दीडशे जण, आवारात अडकून पडले. 16 ऑगस्टच्या रात्री दहानंतर दोन डझन गाड्यांचा ताफा फाटकाबाहेर पडला. विमानतळ अवघा पाच किलोमीटर. तेवढ्याला पाच तास लागले, आणि वाट मोकळी करून दिली ती तालिबानच्याच बंदूकधाऱ्यांनी. 17 तारखेला विमान जामनगरला आणि तिथून दिल्लीजवळच्या हिंडनला उतरलं. त्यात आयटीबीपीचे जवान होते आणि त्यांचे माया, रुबी आणि बॉबी हे तीन श्वानसुद्धा. स्फोटकं हुंगणारे कुत्रे मागे सोडून यायचे नाहीत, एवढं भान त्या रात्रीही राखलं गेलं.

मग जे बिघडलं ते व्हिसाचं. अफगाण नागरिकांचे काही पासपोर्ट गहाळ झाल्याच्या बातम्या आल्या, आणि 25 ऑगस्टला गृहमंत्रालयाने भारताबाहेर असलेल्या सर्व अफगाणांचे आधीचे व्हिसा रद्द केले. यापुढे फक्त नवा आपत्कालीन ई-व्हिसा चालेल, असं ठरलं. सुरक्षेच्या दृष्टीने कारण समजण्यासारखं होतं, पण एका फटक्यात सगळ्यांना लागू केलेला नियम ज्यांना भोवला त्यांनी काहीच केलं नव्हतं. कोविडमध्ये घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलामुलींचं मोठं वर्तुळ आहे. परीक्षा, फी, वसतिगृहातलं सामान पुण्यात आणि ते स्वतः काबूलमध्ये, अशी त्यांच्यातल्या अनेकांची अवस्था झाली. भारत दर वर्षी अफगाणांना 1,000 शिष्यवृत्त्या देत आला होता. ती पुण्याई अशी वाया जाताना पाहणं क्लेशाचं होतं.

तरीही 1996 नंतरची चूक या वेळी तशीच झाली नाही. भारताने दूतावास बंद झाल्याचं कधी म्हटलंच नाही. स्थानिक अफगाण कर्मचारी कामावर राहिले आणि त्यांनी इमारतीची देखभाल केली. 31 ऑगस्टला दोह्यात भारताचे कतारमधले राजदूत दीपक मित्तल तालिबानच्या शेर महंमद अब्बास स्तानिकझाई यांना भेटले. हे स्तानिकझाई तरुणपणी डेहराडूनच्या लष्करी अकादमीत शिकलेले. फेब्रुवारी 2022 पासून 50,000 टन गव्हाची मदत वाघामार्गे जाऊ लागली. जूनमध्ये पक्तिका आणि खोस्तमध्ये भूकंप झाला. 23 जूनला मदतीच्या विमानाबरोबरच तांत्रिक पथक काबूलला पोचलं. रिकामी इमारत सांभाळणारी अफगाण माणसं नसती, तर हे पथक उतरून बसलं कुठे असतं?

व्हिएन्ना कराराचं 14 वं कलम इथे कामी येतं. राजदूत नेमायचा तर त्याचं अधिकारपत्र एका राष्ट्रप्रमुखाकडून दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाकडे जातं, म्हणजे समोरच्याला प्रमुख मानावं लागतं. कार्यदूताची, म्हणजे शार्ज दाफेअरची, नेमणूक एका परराष्ट्रमंत्र्याकडून दुसऱ्याकडे होते. दूतावास चालवायला तेवढं पुरतं. मान्यतेचा प्रश्न तसाच बाजूला ठेवता येतो.

हीच वाट उलट्या दिशेने मुंबईतून निघाली. तालिबानआधीच्या जुन्या अफगाण प्रजासत्ताकाने नेमलेल्यांच्या हातातला दिल्लीचा अफगाण दूतावास त्यांनी नोव्हेंबर 2023 मध्ये कायमचा बंद केल्याचं जाहीर केलं. मुंबईच्या महावाणिज्यदूत झाकिया वार्दक यांनी मे 2024 मध्ये राजीनामा दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तालिबानने इक्रामुद्दीन कामिल यांना मुंबईत कार्यवाहक वाणिज्यदूत नेमलं. ते भारतातच शिकलेले होते. व्हिसा आणि पासपोर्टची रोजची कामं करायला कुणी तरी हवंच होतं, आणि दिल्लीने हरकत घेतली नाही.

10 ऑक्टोबर 2025 ला मुत्तकींनी दिल्लीतल्या अफगाण दूतावासात पत्रकार परिषद घेतली. इमारतीवर जुन्या प्रजासत्ताकाचा तिरंगी झेंडा होता, आणि आत मंत्र्यांच्या टेबलावर तालिबानचा छोटा पांढरा झेंडा.