दाखल्यांमागचा हिशोब: कर्ज, मजुरी आणि यरीहोचा रस्ता

रविवारी चर्चमध्ये येशूचा एखादा दाखला, म्हणजे त्याने सांगितलेली बोधकथा, वाचून झाला की पाचव्या मिनिटाला "यातून आपण काय शिकतो" सुरू होतं. शिकायला हरकत काहीच नाही, पण ज्यांनी ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली त्यांच्या खिशात किती पैसे होते, डोक्यावर किती कर्ज होतं, शेजारच्या गावाशी त्यांचं काय वाकडं होतं हे कोणी सांगत नाही, आणि ते माहीत नसलं की धडा हमखास गुळमुळीत निघतो. क्षमा करा, मदत करा, कष्ट करा. एवढंच सांगायचं असतं तर गोष्टी कशाला रचल्या असत्या? माझं म्हणणं सरळ आहे, हे दाखले आधी पैशाचे, जमिनीचे आणि शेजाऱ्यांचे होते, त्यांना पार स्वर्गात नेऊन ठेवलं ते नंतरच्या लोकांनी.

गोष्ट सांगून समोरच्याला पकडायची ही पद्धत येशूच्या आधीपासूनची. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे जातो आणि एका गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने कशी कापून पाहुण्याला घातली ते सांगतो, दावीद भडकतो, तो माणूस मेलाच पाहिजे म्हणतो, आणि मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच. म्हणजे निकाल आधी ऐकणाऱ्याच्याच तोंडून काढायचा आणि मग त्याच्याच गळ्यात घालायचा. यशया संदेष्ट्याचं द्राक्षमळ्याचं गाणंही त्याच जातीचं, आणि पुढे यहुदी रब्बींनीही अशा गोष्टींचा भरपूर वापर केला. येशूने हे हत्यार गालीलच्या शेतकरी, कूळ, मच्छीमार लोकांत आणलं.

गालील तेव्हा हेरोद अंतिपाकडे होतं, इ.स.पू. ४ ते इ.स. ३९, वर रोमची सत्ता. ह्याने नासरेथपासून तासा-दीड तासाच्या चालीवर असलेलं सेफोरिस शहर नव्याने बांधून काढलं, मग इ.स. २० च्या आसपास तळ्याकाठी तिबिर्या वसवलं आणि त्याला रोमच्या सम्राटाचं नाव दिलं. अशा राजवटीचा खर्च शेवटी निघतो कुठून? शेतातून आणि तळ्यातून. म्हणून दाखल्यांमध्ये बघा कोण कोण आहे: गावात न राहणारा जमीनदार, त्याचा कारभारी, कूळ, रोजंदार, कर्जदार, न्यायाधीशाच्या दारात खेटे घालणारी विधवा, पीठ मळणारी बाई. मंदिर आणि तिथले विधी क्वचितच.

आता मत्तयच्या शुभवर्तमानातला (अध्याय १८) निर्दय चाकर घ्या. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तरात जी गोष्ट येते तिच्यातले आकडे आपण नुसते वाचून पुढे जातो. एका मजुराची दिवसाची मजुरी साधारण एक दिनार. सहा हजार दिनारांचा एक तलांत, म्हणजे वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर एका तलांताला वीस वर्षं. त्या चाकराचं राजाला देणं होतं दहा हजार तलांत, म्हणजे सहा कोटी दिनार, म्हणजे दोन लाख वर्षांची मजुरी. जोसेफस नावाचा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार सांगतो की अंतिपाला गालील आणि पेरिया मिळून वर्षाला २०० तलांत महसूल मिळायचा, म्हणजे ह्या एका चाकराचं कर्ज अख्ख्या प्रांताच्या पन्नास वर्षांच्या महसुलाएवढं! ऐकणारे हसले असणार. आणि "मला वेळ द्या, सगळं फेडतो" हे वाक्य ऐकून तर अजूनच हसले असणार. वसुलीसाठी चाकराची बायको विकायचा राजाचा हुकूम यहुदी नियमात बसत नव्हता, त्यामुळे हा राजा कुठल्या तरी परक्या दरबारातला, हेही त्यांना लगेच कळलं असेल. हसणं थांबतं कुठे, तर राजाने सगळं कर्ज माफ केल्यावर तोच चाकर बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो तिथे. शंभर दिनार म्हणजे चारेक महिन्यांची मजुरी. ती रक्कम क्षुल्लक नव्हती हे लक्षात घ्या, असं कर्ज त्या गर्दीत कितीतरी जणांच्या अंगावर असेल आणि काहींचं येणंही असेल.

ह्यामागे कर्जाचा मोठा इतिहास आहे. मोशेच्या नियमशास्त्रात आपल्याच माणसाकडून व्याज घ्यायला बंदी, आणि दर सातव्या वर्षी कर्जं सोडून द्यायची. कागदावर सुंदर, पण सातवं वर्ष जवळ आलं की कोणी उसनं देईना. म्हणून येशूच्या थोडं आधी हिल्लेल ह्या मोठ्या गुरूने प्रोझबूल नावाची सोय काढली, म्हणजे येणं कोर्टाच्या हवाली करायचं, मग ते सातव्या वर्षी बुडत नाही. हेतू चांगला होता, गरिबाला कर्ज मिळावं, पण माफी मात्र गेली. पुढे इ.स. ६६ मध्ये यरुशलेमात बंड पेटलं तेव्हा बंडखोरांनी सुरुवातीलाच दस्तऐवजांची कचेरी जाळली, त्यात कर्जरोखे होते, हेही जोसेफसनेच लिहून ठेवलंय. अशा वातावरणात येशूने शिकवलेली "ऋण सोड" ही प्रार्थना आणि ही गोष्ट लोकांनी ऐकली. आपल्याकडे हा दाखला आला की उपदेश थेट मनातल्या रागलोभावर जातो, पैशावर कोणी थांबत नाही. भावाकडून येणं असलेले पन्नास हजार, घरकाम करणाऱ्या बाईंनी उचल घेतली म्हणून दर महिन्याला कापून घेतलेला पगार, ह्यावर ह्या दाखल्याचं काही म्हणणं असेल असं आपल्याला वाटतच नाही, आणि मला तर वाटतं त्याचं पहिलं म्हणणं त्यावरच आहे.

द्राक्षमळ्यातले मजूर (मत्तय २०) हा तसाच. मालक पहाटे बाजारात जाऊन माणसं घेतो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला, आणि शेवटी अकराव्या तासाला म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमाराला. बाजारात उभी असलेली ती माणसं म्हणजे आपल्या मजूर नाक्यावर सकाळी डबा आणि अवजारं घेऊन उभी राहणारी माणसंच, दहा वाजेपर्यंत कोणी नेलं नाही की दिवस गेला. रोजंदाराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची हा मोशेच्या नियमशास्त्रातल्या "अनुवाद" ह्या पुस्तकातला जुना नियम, म्हणून गोष्टीत संध्याकाळीच पैसे वाटले जातात. सगळ्यांना एकेक दिनार, कारण त्याहून कमी नेलं तर घरात चूल पेटायची पंचाईत. ह्यावरून "उशिरा आलेल्यांनाही तारण" (म्हणजे मुक्ती) असा अर्थ लावतात, तो चुकीचा म्हणणार नाही मी, पण पाचपर्यंत उभा का होतास ह्यावर त्यांचं उत्तर "आम्हाला कोणी कामावर लावलं नाही" असं आहे, आळशी होतो असं नाही. हे वाक्य सोडून उपदेश कसा करतात देव जाणे.

पेरणारा, मोहरीचा दाणा, निदण हे सगळ्यांना पाठ आहेत, त्यात शिरत नाही. खमिराचा दाखला मात्र एका ओळीचा आहे म्हणून दुर्लक्षिला जातो. त्यात एका बाईने खमीर मिसळायला तीन मापं पीठ घेतलं, हे जवळपास चाळीस लिटर भरतं, म्हणजे शंभराहून जास्त माणसांच्या भाकरी. घरच्या चौघांचा स्वयंपाक नव्हे हा, गावजेवण आहे.

आणि चांगला शोमरोनी: यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकतात, मंदिराचा याजक आणि लेवी हा तिथलाच सेवक बघून पुढे जातात, आणि शोमरोनी, म्हणजे यहुद्यांशी वैर असलेल्या समाजातला माणूस, त्याला उतारशाळेत नेऊन सांभाळतो. लूकच्या शुभवर्तमानातच आहे फक्त, उधळ्या पुत्रासारखा (योहानाच्या शुभवर्तमानात तर अशा गोष्टी जवळपास नाहीतच). यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, यरीहो समुद्रसपाटीच्या अडीचशे मीटर खाली, मध्ये पंचवीस-सत्तावीस किलोमीटर ओसाड डोंगरउतार, लपायला घळी आणि गुहा. लुटारूंसाठी हा रस्ता बदनामच होता. एवढं सगळे सांगतात. खरी मेख शोमरोनी ह्या माणसात आहे. इ.स.पू. ७२२ च्या सुमाराला अश्शूरने उत्तरेचं राज्य बुडवलं तेव्हापासून वादाची मुळं सांगतात, शोमरोनी लोकांचं पवित्र ठिकाण गरिज्जीम डोंगर, यहुद्यांचं यरुशलेम. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या शेवटी शेवटी यहुदी राज्यकर्ता आणि महायाजक योहान हिर्कानस ह्याने गरिज्जीमवरचं त्यांचं मंदिर उद्ध्वस्त केलं. मग येशू लहान असताना, वल्हांडण सणात, काही शोमरोनी लोकांनी रात्री यरुशलेमच्या मंदिरात माणसांची हाडं आणून टाकली. म्हणजे दोन्ही बाजूंना खरीखुरी जखम होती, नुसता गैरसमज नव्हता. गोष्टीत याजक आला, लेवी आला, आता तिसरा आपल्यासारखा साधा यहुदी येणार असं ऐकणाऱ्याला वाटत असताना येतो हा! आणि शेवटी "माझा शेजारी कोण" असं विचारायला आलेल्या शास्त्र्यालाच येशू विचारतो, तिघांपैकी शेजारी कोण झाला, तर त्याच्याने शोमरोनी हे नावसुद्धा घेववत नाही, "ज्याने दया केली तो" म्हणतो. नाथानचीच युक्ती.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. याजक प्रेताच्या विटाळाच्या भीतीने थांबला नाही असं हमखास सांगतात. पण मजकुरात लिहिलंय की तो त्या वाटेने खाली चालला होता, म्हणजे यरुशलेमहून परत, मंदिरातलं काम आटोपलेलं. शिवाय बेवारस प्रेत दिसलं तर महायाजकानेसुद्धा ते पुरावं असा मिश्नात, म्हणजे रब्बींच्या नियमांच्या जुन्या संग्रहात, जमा झालेला यहुदी विचार आहे, आणि हा माणूस तर अजून जिवंत होता. सबब यहुदी धर्माच्या माथी मारून आपण मोकळे होतो, आणि तो का थांबला नाही हे गोष्टीत सांगितलेलंच नाही.

मग हे सगळं स्वर्गात कसं गेलं? सुरुवात शुभवर्तमानांतच आहे, पेरणाऱ्याच्या दाखल्याचा एकेक तुकडा सोडवून सांगितलाय. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या, आचार्यांनी तोच कित्ता सगळीकडे गिरवला. ऑगस्टीन ह्या बिशपने (३५४ ते ४३०) शोमरोनीच्या दाखल्यात जखमी माणूस म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी आणि उतारशाळेचा मालक म्हणजे चक्क प्रेषित पौल असं लावून दिलं. फ्रान्समधल्या शार्त्र इथल्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकातली काचेची खिडकी आहे, तिच्यात खाली शोमरोनी आणि वर आदाम-हव्वा, हाच अर्थ रंगात. दिसायला अप्रतिमच, पण ह्या अर्थात रस्त्यावर पडलेला माणूस नाहीसा होतो, आपण सगळे आधीच वाचवलेले जखमी होऊन बसतो. धर्मसुधारक कॅल्विनने सोळाव्या शतकात हे साफ नाकारलं, तरी सवय काही गेली नाही. १८८८ मध्ये अडॉल्फ युलिखर ह्या जर्मन अभ्यासकाने प्रत्येक तुकड्याला गुपित अर्थ चिकटवणं बंद करा, दाखल्याचा मुद्दा एक असतो असं ठासून मांडलं, आणि विसाव्या शतकात डॉड आणि येरेमियास ह्या अभ्यासकांनी तो मुद्दा पॅलेस्टाइनच्या शेतात आणि बाजारात नेऊन ठेवला. वर दिलेले मजुरीचे, कर्जाचे हिशोब सेमिनरीत शिकवले जाऊ लागले ते ह्यानंतर. युलिखरचंही टोक झालं असं मला वाटतं, एकच मुद्दा म्हणता म्हणता तो मुद्दा सुविचाराइतका सपाट व्हायला लागला.

मराठीत नवा करार छापून आला १८११ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरहून, मिशनरी विल्यम केरींच्या देखरेखीखाली. पुढे नगरकडे ख्रिस्ती कीर्तन रुजलं, नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर भजन-कीर्तनाला आपली सगळी प्रतिभा दिली. माझ्या मते दाखला कीर्तनात जेवढा शोभतो तेवढा उपदेशात शोभत नाही, कारण कीर्तनकार आख्यानात माणसाला माणूस ठेवतो. उधळ्या पुत्राचंच बघा, बाप जिवंत असताना वाटणी मागणं, धाकट्याचा एक तृतीयांश कारण थोरल्याला दुप्पट, ती जमीन विकून परमुलुखात जाणं, आणि मागे राहिलेल्या थोरल्याची धुसफूस, हे मराठी घरात वेगळं समजवावं लागत नाही. जिवंतपणी मालमत्ता कोणाच्या हाती देऊ नको असा सल्ला येशूच्या दोनेकशे वर्षं आधीच्या सिराख ह्या यहुदी बोधग्रंथातही आहे, म्हणजे बापाने तेव्हाच्या शहाण्यांच्या मते मूर्खपणाच केला होता.

शोमरोनीचा प्रवास मात्र भारतात चर्चच्या बाहेर गेला. रस्ते अपघातात मदत करणारे पोलिसांच्या आणि कोर्टाच्या झंझटीला घाबरून पुढे होत नाहीत म्हणून २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात जनहित याचिका झाली, २०१५ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, ३० मार्च २०१६ ला कोर्टाने त्या बंधनकारक केल्या, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. त्यात मदत करणाऱ्याला "गुड समॅरिटन", म्हणजे चांगला शोमरोनी, असंच नाव आहे. चांगल्या हेतूने तातडीची मदत करताना चूक झाली तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलिस करू शकत नाहीत, हॉस्पिटलवाले त्याला अडकवून ठेवू शकत नाहीत, साक्षीदार व्हायचं की नाही तेही त्याच्यावर. २०२१ पासून केंद्राने पाच हजारांचं बक्षीसही ठेवलं, नंतर ते पंचवीस हजार केलं. पुढच्या वेळी हा दाखला वाचाल तेव्हा हे कलम मंडळीत वाचून दाखवायला दोन मिनिटं पुरतात, आणि युवक संघात बऱ्याच जणांकडे बाईक असते.