अक्कलदाढ काढणे

जबड्याच्या चारही टोकांना सगळ्यात शेवटी, साधारण १७ ते २५ वयाच्या दरम्यान उगवणारी तिसरी दाढ म्हणजे अक्कलदाढ. ती दुखायला लागली, आडवी अडकली किंवा किडली की भूल देऊन ती अख्खी किंवा तुकडे करून बाहेर काढतात, त्या छोट्या शस्त्रक्रियेची ही नोंद. चारही अक्कलदाढा सगळ्यांना येतात असं नाही. जगभरातल्या पाहण्या एकत्र धरल्या तर पाचातल्या साधारण एकाला निदान एक तरी अक्कलदाढ मुळात तयारच होत नाही, आणि ज्यांना ती असते त्यांच्यातही बऱ्याच जणांची हाडात किंवा हिरडीखाली अडकून बसते.

नाव. 'दाढ' हा शब्द संस्कृत दंष्ट्रा, प्राकृत दाढा असा आलाय, त्यात वाद नाही. 'अक्कल' मात्र अरबी, फारसीच्या वाटेनं आलेली, म्हणजे हा जोडशब्द फारसीशी संबंध आल्यानंतरचाच असणार. आता तो फारसी 'दंदान-ए-अक्ल'वरून घेतला की इंग्रजी काळात डॉक्टरी पुस्तकांतून तयार झाला, अशा दोन शक्यता उरतात, आणि हिंदी-उर्दूतही हीच दाढ अकलेचीच असल्यामुळे पहिली जास्त पटते. कल्पना त्याहून खूप जुनी आहे. ग्रीक हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या लिखाणात या दातांना 'सोफ्रोनिस्तेरेस' म्हणजे शहाणपण आणणारे म्हटलंय, लॅटिनमध्ये तेच 'डेन्स सापिएन्शिए' झालं. ॲरिस्टॉटल या दाढांना 'क्रान्तेरेस' म्हणतो, विसाव्या वर्षी पुरुष-बायका दोघांना येतात म्हणतो, आणि ऐंशी ओलांडलेल्या काही बायकांना अगदी शेवटी भयंकर दुखून त्या आल्याचंही नोंदवतो. अरबीत लिहिणारा मध्ययुगीन वैद्य इब्न सीना या दातांना 'नवाजिझ' म्हणतो आणि वयात आल्यानंतर तिशीच्या आसपासपर्यंत येतात म्हणून 'हिल्मचे दात' असंही दुसरं नाव देतो. यात गंमत अशी की अरबीत ह-ल-म ही अक्षरं 'हिल्म' म्हणजे समंजसपणा अशीही वाचता येतात आणि 'हुलुम' म्हणजे वयात येणं अशीही, त्यामुळे हे दात नक्की शहाणपणाचे की नुसते जवानीचे, ते वाचणाऱ्यावर आहे.

आयुर्वेदातले उल्लेख. इथे जरा थांबावं लागतं, कारण सुश्रुताला अक्कलदाढ माहीत होती असं सरसकट लिहिलेलं सापडतं आणि ते तितकं सोपं नाही. सुश्रुतसंहितेचा काळ नक्की सांगता येत नाही, आजच्या रूपातली संहिता बहुधा इसवीसनाच्या आधीच्या शेवटच्या नि नंतरच्या पहिल्या काही शतकांत आकाराला आली असं धरतात. तिच्या निदानस्थान या रोगलक्षणांच्या भागाच्या १६व्या अध्यायात 'वर्धन' नावाचा रोग आहे: वातामुळे एक जादा दात तीव्र वेदना देत उगवतो आणि उगवून झाला की दुखणं थांबतं. वाग्भटही अष्टांगहृदयात (साधारण ७वं शतक, थोडं मागेपुढे) याच दाताला 'अधिदंत' म्हणतो आणि हाच तो वर्धन असं स्पष्ट सांगतो. वर्णन वाचून अक्कलदाढच डोळ्यांपुढे येते हे खरंय, पण अडचण मोजणीची आहे. चरकाच्या ३६० हाडांच्या यादीत ३२ दात धरलेले आहेत, म्हणजे अक्कलदाढा आधीच हिशोबात आल्या, मग 'जादा' दात म्हणजे तेहेतिसावा, ज्याला आज दंतवैद्य एक्स्ट्रा टूथ म्हणतात तो. काश्यपसंहितेत आणखी एक कोडं आहे. तिथे ३२ पैकी ८ दात एकदाच जन्मणारे आणि बाकीचे द्विज, म्हणजे पडून पुन्हा येणारे, असं म्हटलंय. आजच्या हिशोबानं दुधाचा दात आधी न येता उगवणाऱ्या दाढा १२ असतात, ८ नाही. हा चारचा फरक अक्कलदाढांचाच असेल असं म्हणायचा मोह होतो पण तो नुसता मोहच ठेवावा, कारण मग त्या चार दाढा दोनदा येतात असं ग्रंथाच्या तोंडी घालावं लागतं.

त्यापेक्षा भक्कम उल्लेख सुश्रुताच्याच 'अधिमांसक' या रोगाचा वाटतो. जबड्याच्या शेवटच्या दाताशी मोठी सूज, खूप दुखणं, तोंडातून लाळ गळणं, कफाचा प्रकोप. अर्धवट वर आलेल्या खालच्या अक्कलदाढेवर हिरडीची टोपी राहते, तिच्याखाली अन्न अडकून ती सुजते, त्या आजाराचं याहून नेमकं वर्णन आजही करता येणार नाही. उपायही तसाच, वाढलेलं मांस कापायचं आणि वेखंड, पाठा, सर्जिकाक्षार, यवक्षार वगैरेंचं चूर्ण मधातून लावायचं. अधिदंताला मात्र सरळ काढून टाकून जागा डागायला सांगितलीय. दात उपटायला वाग्भट चार अंगुळं लांबीचं, बाणाच्या पिसाऱ्यासारख्या तोंडाचं यंत्र देतो.

याच चिकित्सेच्या भागात सुश्रुत बजावतो की वरचा दात हलत असला तरी वैद्यानं काढू नये, रक्त फार जातं आणि माणूस काणा होतो किंवा त्याला अर्दित म्हणजे तोंडाचा लकवा होतो. आपल्याकडे आजही घरोघरी 'वरची दाढ काढू नकोस, नजर जाईल' असं आजी सांगते, ती समजूत इथूनच आली असं सिद्ध करता येणार नाही पण दोन्ही गोष्टी इतक्या जवळच्या आहेत की नातं नाकारणंही अवघड आहे. शरीररचनेत त्याला आधार नाही: दृष्टीची नस वेगळी, वरच्या दातांची वेगळी. आणि नसेला खरा धोका असतो तो खालची दाढ काढताना.

कारण. दाढ अडकते कारण जबड्यात जागा कमी पडते. शेती सुरू झाल्यावर मऊ, शिजवलेलं अन्न आलं, लहानपणी चावण्याचे कष्ट कमी झाले आणि जबडा पुरेसा वाढेनासा झाला, हे मत आज जास्त मानलं जातं. दातांची मापं आनुवंशिकतेनं बरीच ठरलेली असतात, जबडा मात्र वापरानं घडतो असा त्याचा मुद्दा. पण हा आजार फक्त शेतीनंतरचाच असं म्हणता येत नाही. फ्रान्समधल्या काप ब्लांच्या सुमारे १३ ते १५ हजार वर्षांपूर्वीच्या स्त्रीच्या सांगाड्यातही अक्कलदाढ अडकलेली आहे. तो सांगाडा आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. त्या बाईला आधी 'मुलगी'च समजत होते, कारण दाढ वर आलेली नव्हती. नंतर एक्सरेमध्ये दाढ अडकलेली दिसली आणि तिचं वय २५ ते ३५ ठरलं.

भूल. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेत हार्टफर्डला होरेस वेल्स या दंतवैद्यानं स्वतः नायट्रस ऑक्साइड म्हणजे हसवणारा वायू हुंगून सहकारी रिग्ज याच्याकडून आपली दाढ काढून घेतली. ती अक्कलदाढ होती असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, काही जण नुसतं दाढ म्हणतात. १८८४ नंतर कोकेनची, १९०५ पासून नोवोकेनची इंजेक्शनं आली. आज दवाखान्यात जे लिग्नोकेन देतात ते १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लोफग्रेननं बनवलं आणि १९४८ मध्ये बाजारात आलं, सोबत रक्त कमी जावं म्हणून थोडं ॲड्रिनलिन घातलेलं असतं. भारतात दंतवैद्यकाचं पहिलं कॉलेज कलकत्त्याला १९२० मध्ये निघालं, डेंटिस्ट कायदा १९४८चा.

वर्गीकरण आणि पद्धत. दाढ कुठल्या कोनात पडलीय यावरून विंटरनं १९२६ मध्ये प्रकार पाडले: पुढे कललेली (ही सगळ्यात जास्त), आडवी, उभी, मागे कललेली. पेल आणि ग्रेगरीनं १९३३ मध्ये ती किती खोल आहे आणि मागे जबड्याच्या हाडाखाली किती लपलीय ते धरून वेगळी मांडणी केली. डॉक्टर ओपीजी नावाचा पूर्ण जबड्याचा एक्सरे बघून 'आडवी आहे, थोडं हाड कापावं लागेल' म्हणतात तेव्हा ते हेच बघत असतात. हिरडी चिरून मागे घ्यायची, दाढेभोवतीचं हाड सलाईनच्या धारेखाली ड्रिलनं उडवायचं, गरज पडली तर दाढेचे दोन-तीन तुकडे करायचे, एलिव्हेटर नावाच्या चपट्या अवजारानं उचकटायचं, खड्डा धुऊन टाके घालायचे. पूर्वी छिन्नी-हातोडी वापरून जिभेकडच्या बाजूचं हाड फोडायची पद्धत होती, ती आता मागे पडलीय. वरची दाढ मऊ हाडात असल्यानं बऱ्याचदा पाच मिनिटांत निघते. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांत मात्र तोंडच दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, गालाची आतली त्वचा कडक झालेली असते, अशा वेळी इंजेक्शन देणंच कठीण होतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी असे पेशंट येतात.

खालच्या दाढेच्या मुळांशी ओठ-हनुवटीची संवेदना नेणारी नस असते, जिभेची नसही जवळून जाते. या दुखावल्या तर ओठ किंवा जीभ काही दिवस-महिने बधिर राहते, कायमची बधिरता क्वचितच, शंभरात एकाहूनही कमी जणांना. मुळं नसेला अगदी चिकटलेली दिसली तर नुसता वरचा भाग कापून मुळं आतच ठेवायची पद्धतही आहे. दुसरी डोकेदुखी म्हणजे ड्राय सॉकेट, खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त. १८९६ मध्ये क्रॉफर्डनं त्याचं वर्णन केलं. इलाज म्हणजे खड्डा धुऊन लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलचं ड्रेसिंग, म्हणजे आजीच्या लवंगेपासून फार लांब गेलेलं नाही.

काढावी की नाही. त्रास नसेल तरी आधीच काढून टाकावी की नाही यावर एकमत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेनं २००० मध्ये निरोगी अडकलेल्या दाढा काढणं बंद करा असं सांगितलं, अमेरिकेत काढण्याकडे कल जास्त राहिलाय. तरुणपणी मुळं अपुरी असतात, हाड लवचीक असतं, म्हणून विशीत काढणं सोपं जातं हे दोन्हीकडचे लोक मान्य करतात. अक्कलदाढेच्या दाबामुळे पुढचे दात वाकडे होतात या जुन्या समजुतीला मात्र पुरावा मिळालेला नाही. अर्धवट वर येऊन वारंवार सुजणारी, किडलेली, शेजारच्या दाढेला कीड लावणारी किंवा गाठ झालेली दाढ काढायचीच, यात वाद नाही.

पहिल्या दिवशी थुंकायचं नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही, थंड मऊ खायचं (आईस्क्रीमची परवानगी डॉक्टरच देतात), मिश्री किंवा तंबाखू खड्ड्यापर्यंत जाऊ द्यायची नाही, दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाण्याच्या गुळण्या. रेशमी टाके साधारण सातव्या दिवशी काढतात, सूज तिसऱ्या दिवसानंतर उतरायला लागते, खड्डा हाडानं भरायला मात्र काही महिने जातात.